इंग्रजी अध्यापनातील फ्लिप्ड क्लासरूम : येवल्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
पाठाचे स्पष्टीकरण विद्यार्थ्याने घरी चित्रफितीतून समजून घेणे व वर्गातील वेळ सराव, चर्चा आणि शंकानिरसनासाठी राखणे म्हणजे फ्लिप्ड क्लासरूम होय. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये गैरहजर विद्यार्थ्यांसाठी पाठ चित्रित केले. त्यातून ही पद्धती रूढ होत गेली. प्रस्तुत लेखात इंग्रजी अध्यापनापुरती तिची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
या पद्धतीची मूळ कल्पना रास्त आहे. महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही पदवी वर्गातील अनिवार्य इंग्रजीचा तास पुष्कळदा उताऱ्याचा मराठी अर्थ सांगण्यातच संपतो. विद्यार्थी इंग्रजीविषयी ऐकतो. इंग्रजी बोलत नाही. भाषा हे कौशल्य असल्याने वर्गातील वेळ सरावाला मिळणे आवश्यकच आहे.

तथापि या पद्धतीचे गृहीतक तपासले पाहिजे. घरी मोकळा वेळ, शांत जागा व स्वतःचा मोबाईल आहे, असे ती धरून चालते. येवला हे पैठणीचे गाव आहे. येथे माग अनेकदा राहत्या घरातच असतो आणि घरातील सर्वांचा कामाला हातभार लागतो. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ प्रवासात व शेतीकामात जातो. अशा विद्यार्थ्याची चित्रफीत पाहावयाची राहिली, तर वर्गातील चर्चेतही तो मूक राहतो. म्हणजे ज्याच्यासाठी सराव हवा, तोच सरावाबाहेर पडतो.

दुसरा आक्षेप विषयाच्या स्वरूपाचा आहे. रसायनशास्त्रात स्पष्टीकरण घरी पाठविता येते. भाषेत मात्र ऐकणे हेच अध्ययन असते. चित्रफीत मराठीतून अर्थ सांगत असेल, तर ती गाईडचीच नवी आवृत्ती ठरते. केवळ इंग्रजीत असेल, तर दुर्बोध होते.

निष्कर्ष :
पद्धती त्याज्य नाही; तिचा क्रम मात्र स्थानिक परिस्थितीनुसार बदलावा लागेल. पूर्वतयारी तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत, एका छापील पानावर वर्गातच करून घ्यावी. उरलेला वेळ जोडीने व गटाने बोलण्यास द्यावा. विणकाम व्याख्यानाने शिकविले जात नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, हात चालवूनच ते येते. इंग्रजीच्या वर्गाने येवल्यातील ही शिकविण्याची रीत स्वीकारली, तर चित्रफितीवाचूनही वर्ग खऱ्या अर्थाने उलटा होऊ शकेल.