दहा लाख आकडे आणि एक चिठ्ठी

परीक्षण लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेच पाहिजे असा काही दंडक नाही. पण मी वाचले. निदान 42 पाने वाचली. पुढचा आकडा कोणता येणार याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी हेवा करावा, असा हा ग्रंथ आहे.

अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने 1955 साली तो काढला. ‘अ मिलियन रँडम डिजिट्स’ एवढेच अर्धे नाव सांगतो. उरलेले नाव आणि उरलेली पाने माझ्या डोक्यावरून गेली. अंकांची पाने 400, पानावर 50 ओळी, ओळीत 50 अंक. नायक नाही, खलनायक नाही, पानाखाली टोटलसुद्धा नाही!

शासकीय मराठीत अशा अंकांना ‘यादृच्छिक’ म्हणतात. घरच्या मराठीत ‘कसेही’. पण कसेही आकडे काढायला किती मेहनत पडते, हे प्रस्तावना वाचून कळते. 1947 साली या लोकांनी एक विजेचे जुगारी चाक बनवले. त्याला घरे 32. दहा अंकांना 32 घरे सारखी वाटता येत नाहीत, म्हणून 20 ठेवली आणि 12 सरळ टाकून दिली. महिनाभर चालून चाक थकले आणि पक्षपात करू लागले. (आमच्याकडे ‘मार्च एंडिंग’ला हेच होते.) मग प्रत्येक अंक आधीच्या कार्डावरच्या अंकात मिळवला आणि हातचा सोडून दिला. मी हातचा सोडला असता तर चार्जशीट मिळाली असती.

तरी प्रत्येक अंक बरोबर एक लाख वेळा आला असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शे-तीनशेचा फरक हेच खरेपणाचे लक्षण. पहिल्याच फटक्यात पैशापर्यंत कॅश जुळली की आम्हीसुद्धा पुन्हा मोजतो. आणि सगळी पाने तपासण्याची गरज वाटली नाही, असेही लेखकांनी बिनदिक्कत छापले आहे. मुद्रितशोधकाला पूर्ण रजा देणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

असे निःपक्षपाती पुस्तक हाती असताना आमच्या इमारतीच्या भिशीत चिठ्ठ्या का टाकायच्या? भिडू 12, महिना दोन हजार. पहिला नंबर कुणाचा यावर दरवर्षी कुजबुज. त्यातून यंदा तळमजल्यावरच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरलेले. मी घोषणा केली, “यंदा ग्रंथ उघडायचा! दोन अंक घ्यायचे. शंभर आकड्यांतले प्रत्येकाच्या वाट्याला आठ. उरलेले चार निघाले तर रद्द, पुन्हा पुढचे दोन. नाहीतर चौघांना नऊ-नऊ संधी मिळतील.” त्या 12 टाकलेल्या घरांची युक्ती मी इथे वापरली होती. भिडूंनी माना डोलावल्या.

“अहो, पण पान कोण उघडणार?” आमची ही म्हणाली. “पुस्तक काल रात्री तुमच्या उशाशी होतं.”

ग्रंथातला सर्वांत मोठा दोष तिने न वाचता सांगितला. आकडे निर्मळ आहेत, पण ते छापलेले आहेत. ज्याने काल पाहिले त्याला आज ठाऊक. नमुना-पाहणीला हे चालते. जिथे पैसा ठेवला आहे, तिथे चालत नाही. प्रस्तावनेला हा धोका निम्माच दिसतो. पुस्तक सवयीच्या पानावर उघडते, म्हणून सुरुवातीसाठी एकदा वापरलेल्या आकड्यावर खूण करा आणि पुन्हा वापरू नका, असे ती बजावते. म्हणजे ‘पेड’चा शिक्का मारा! पण शिक्का मारणाऱ्यावर लक्ष कुणी ठेवायचे?

अखेर स्टीलचा डबा आला. बाराही चिठ्ठ्या सर्वांसमोर लिहिल्या, सारख्या घड्या घातल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या चिमीने डोळे मिटून हात घातला. नंबर माझा निघाला. कुणी चकार शब्द काढला नाही. हेच पुस्तकातून निघाले असते तर मला बिऱ्हाड बदलावे लागले असते.

काकूंशी मी नंबर बदलून घेतला. त्याला कुठलाही तक्ता पाहावा लागला नाही.

पुस्तक कपाटात आहे. हाती घेतले की आपले 42व्या पानावरच उघडते.