‘कशिश’ : पडद्याइतकेच प्रेक्षागृह

चित्रपट महोत्सवाची समीक्षा म्हणून आपण बहुधा त्यातल्या चित्रपटांचीच समीक्षा करतो. मुंबईच्या ‘कशिश’बाबत ही पद्धत पुरी पडत नाही. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी जीवनावरील चित्रपटांचा हा महोत्सव श्रीधर रंगायन यांनी २०१० साली सुरू केला. त्या पहिल्या वर्षीच्या चित्रपटांहून मोठी गोष्ट ही की, महोत्सव कानोकानी निरोप देऊन एखाद्या खोलीत भरला नाही. तो शहरातल्या नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये, सरकारी परवानगी घेऊन भरला. पुढची काही वर्षे तो वर्सोव्याच्या सिनेमॅक्समध्ये होत असे.

सिनेमॅक्स हे नाव इथे सहज आलेले नाही. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांच्या ‘फायर’विरुद्ध जमाव गोरेगावच्या सिनेमॅक्सवर चालून गेला होता. काचा फुटल्या, पोस्टर जळली, प्रेक्षकांना पैसे परत द्यावे लागले. ‘फायर’ला सेन्सॉर मंडळाने एकही काट न लावता प्रमाणपत्र दिले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे कागद होता, थिएटर मात्र राखता आले नाही. उलट रंगायन यांच्याच ‘गुलाबी आईना’ला मंडळाने प्रमाणपत्रच नाकारले. त्याच्या बाबतीत थिएटरपर्यंत पोहोचण्याचाच प्रश्न आला नाही. ‘कशिश’चा जन्म या दोन अनुभवांतून झाला असे मी मानतो. पडदा आणि प्रेक्षागृह, दोन्ही एकाच वेळी मिळवायचे, निदान चार-पाच दिवसांपुरते.

चार-पाच दिवसांपुरते, कारण ही सवलतच तशी आहे. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटांना माहिती व प्रसारण मंत्रालय प्रमाणपत्रातून सूट देते. पण ते नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवायचे, अशी अट असते. रस्त्यावरून जाणारा माणूस ऐन वेळी तिकीट काढून आत शिरू शकत नाही. आधी नाव नोंदवावे लागते. सर्वसाधारण महोत्सवात हा निव्वळ कारकुनी उपचार असतो. इथे मात्र ज्याने आपली ओळख घरात, कचेरीत कुठेच सांगितलेली नाही, त्याच्यासाठी नाव लिहिणे हेच पहिले पाऊल ठरते, आणि अनेकांच्या बाबतीत तिथेच पाय अडखळत असणार.

कायद्याच्या तारखा शेजारी ठेवल्या की या महोत्सवाचा धीटपणा कळतो. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जुलै २००९ चा. त्या मोकळिकीत ‘कशिश’ सुरू झाला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा जसेच्या तसे लागू झाले. अशा वेळी कोणीही अंग चोरले असते. ‘कशिश’ने मे २०१४ मध्ये उपनगरातून उठून मरीन लाइन्सचे लिबर्टी गाठले. १९४९ साली ‘अंदाज’ने उघडलेले हे आर्ट डेको थिएटर, एकच पडदा आणि मल्टिप्लेक्सच्या मानाने कितीतरी जास्त खुर्च्या. ज्यांना न्यायालयाने नुकतेच पुन्हा गुन्हेगार ठरवले होते, ते दक्षिण मुंबईतल्या एका भल्यामोठ्या थिएटरात राजरोस येऊन बसले. महोत्सवाच्या इतिहासातली ही मला सर्वांत अर्थपूर्ण ‘निवड’ वाटते, आणि ती चित्रपटाची नाही, जागेची आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये कलमाचा तो भाग रद्द झाला तेव्हा महोत्सवाचे प्रयोजन संपले, असे म्हणणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आलेली नसावी.

करोनाकाळात महोत्सव ऑनलाइन झाला आणि जागेचे मोल उलट्या बाजूने उमगले. लातूर-जळगावच्या माणसाला तो प्रथमच घरबसल्या पाहता आला, हे खरेच. पण दोन खोल्यांच्या घरात आईवडिलांच्या शेजारी बसून यातले काय पाहायचे? थिएटरच्या अंधारात अनोळखी माणसांमध्ये जे मोकळेपण मिळते, ते कानाला हेडफोन लावून कसे मिळणार!

आता चित्रपटांकडे. अशा महोत्सवांतून दिसणारे भारतीय लघुपट सलग पाहिले की एक प्रसंग पुनःपुन्हा भेटतो : मुलगा किंवा मुलगी घरी सांगते, आई रडते, बाप उठून जातो. रंगायन यांचा ‘इव्हनिंग शॅडोज’ (२०१८) याच प्रसंगाभोवती उभा आहे. त्यातली मोना आंबेगावकर यांची आई मनात राहते, कारण मुलाचे सत्य पेलताना ती स्वतःच्या संसाराकडेही नव्याने पाहू लागते. पण बऱ्याच लघुपटांत सांगून झाले की चित्रपट संपतो. सांगितल्यानंतरचे आयुष्य लिहायला कोणी तयार नसते. प्रेक्षागृहातल्या टाळ्यांनीही ही सवय पोसली आहे. जिव्हाळ्याच्या प्रेक्षकांपुढे कच्चे कामही सहज तरून जाते, आणि टीका करणे म्हणजे घरच्याच माणसाला बोलल्यासारखे वाटते.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ वेगळा ठरतो तो इथे. आईला आधीच ठाऊक आहे. प्रश्न आहे तो बापाच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढण्याचा, लग्नाचे विचारणाऱ्या नातलगांचा, आणि बालपणीच्या मित्राचा. २०२५ मध्ये सनडान्सला या मराठी चित्रपटाने जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवले आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे साध्या तिकिटावर प्रदर्शित झाला. त्याआधी ‘उ उषाचा’ या लघुपटात कानवडे यांनी शिक्षिकेच्या ओढीने अक्षरे गिरवू पाहणारी मजूर बाई दाखवली होती. अक्षर आणि आकर्षण एकाच पाटीवर, आणि कुठेही भाषण नाही.

त्या उषालाच ‘कशिश’ला आणून बसवले तर? माझी खरी तक्रार इथून सुरू होते. महोत्सवाचे नाव उर्दूतून आलेले, बाकी बहुतेक व्यवहार इंग्रजी. परदेशी चित्रपटांखाली इंग्रजी ओळी, चर्चाही मुख्यतः इंग्रजीत. मराठीत या विषयावर काही नाही म्हणून असे झाले, असेही नव्हे. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चे. ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोघींचे नाते येते, भले आश्रमातली एक भानगड म्हणून. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी वर्षानुवर्षे मराठीतून लिहिले आहे. लालबाग, डोंबिवली, विरारहून येणारा प्रेक्षक या शहरातच आहे, आणि लिबर्टी पश्चिम रेल्वेच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाहुण्या चित्रपटांपैकी पाच-सहांखाली मराठी ओळी द्यायला फार मोठा निधी लागणार नाही. अनुवाद करायला आमच्यातले चार जण फुकटही बसतील.