विंधन विहिरीतील मोजमाप : संग्रामपूरच्या निमित्ताने

विज्ञानप्रसाराच्या कार्यक्रमांत पाण्याचा विषय निघाला की पाणाड्याची परीक्षा ठरलेली असते. तळहातावरचा नारळ उभा राहतो का, हातातली दुबेळकी फांदी आपोआप फिरते का, हे तपासून पाहिले जाते आणि त्यात तथ्य नाही हे श्रोत्यांना दाखवून दिले जाते. हे काम योग्यच आहे. परंतु आमचा आक्षेप असा की आपली चिकित्सा नेमकी तेथेच थांबते. जागा पाणाड्याने दाखवली असो वा भूवैज्ञानिकाने, त्यानंतर बोअरची गाडी शेतात येते, दिवस-दोन दिवस जमिनीत छिद्र पाडले जाते, हजारो रुपये खर्च होतात. या वेळात किती गोष्टी मोजल्या जातात, त्यांतल्या किती लिहून ठेवल्या जातात आणि त्या कोणापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक विज्ञानाचा खरा भाग येथूनच सुरू होतो.

हे समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

जमीन एक, थर अनेक

संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, तर दक्षिणेला पूर्णा नदीचे सपाट खोरे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र एका खचलेल्या भागात नद्यांनी गाळ आणून भरला आहे. वाळू, चिकणमाती, चुनखडीचे खडे यांचे थर एकावर एक साचले असून त्यांची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. डोंगराजवळ ओढ्यांनी आणलेले मोठे गोटे आणि भरड वाळू आहे. तेथे पावसाचे पाणी सहज मुरते, पण ते खोल जाते. दक्षिणेकडे जावे तशी चिकणमाती वाढते आणि पाणी खारे होत जाते. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच.

या पट्ट्यात क्षारांचे प्रमाण सगळ्या थरांत सारखे नसते. म्हणून एकाच शिवारात दोन बोअरचे पाणी वेगळे लागू शकते. संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. बोट दाखवले जाते ते खाऱ्या पाण्याकडे. वान नदीवरील धरणाचे पाणी या भागातील गावांना पिण्यासाठी देण्याची योजना झाली ती याच पार्श्वभूमीवर. विकाराचे कारण पाणी आहे की आणखी काही, की अनेक कारणे एकत्र आहेत, हे ठरवायचे असेल तरी आधी एक साधी गोष्ट माहीत हवी : कोण कोणत्या बोअरचे पाणी पीत होता आणि त्या बोअरमध्ये पाणी कोणत्या थरातून येत होते? थरांची नोंदच नसेल तर वैद्यकीय संशोधनही एका पायावर उभे राहते.

एक निळी रेघ

भूजल शिकवताना आपण फळ्यावर जे चित्र काढतो ते आठवून पाहा. वर माती, खाली खडक आणि मधून गेलेली एक निळी रेघ. तिला आपण भूजलपातळी म्हणतो. उघड्या विहिरीच्या माहितीसाठी हे चित्र ठीक आहे. पण त्यातून मुलाच्या मनात एकच नियम ठसतो : जितके खोल जावे तितके पाणी अधिक. संग्रामपूरसारख्या ठिकाणी हा नियम दिशाभूल करतो. येथे प्रश्न 'किती खोल' एवढाच नसून 'कोणत्या थरात' हा आहे. पन्नास फूट आणखी खाली गेल्याने गोडे पाणी मिळेल किंवा हाती आलेले गोडे पाणीही बिघडेल. आमच्या बोअरचे पाणी गोड आणि शेजारच्यांचे खारट कसे, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्या निळ्या रेघेत त्याचे उत्तर नाही.

गाडीवर काय मोजले जाते?

कठीण खडकात बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेने हातोडा चालतो आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. गाळाच्या जमिनीत हवेने भागत नाही, कारण छिद्राच्या भिंती ढासळतात. तेथे पाइपांतून दाट चिखलपाणी खाली सोडतात. ते भिंतींना आधार देते आणि परत वर येताना चुरा घेऊन येते.

या सगळ्यात काळजीपूर्वक मोजली जाणारी गोष्ट एकच : खोली. रॉड किती गेले ते मोजायचे आणि रॉडच्या लांबीने गुणायचे. ही मोजणी चोख असते, कारण मजुरी फुटावर ठरलेली असते. बाकीचे सारे गाडीवरच्या माणसाच्या अनुभवावर चालते. आवाज बदलला, रॉड भराभर जाऊ लागला, चुऱ्याचा रंग पालटला, की थर बदलल्याचे त्याला कळते. हे कौशल्य खरे आहे आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण ते कागदावर उतरत नाही. गाडी गेली की ज्ञानही तिच्याबरोबर जाते.

शिवाय या अनुभवाला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा वेळेची. चिखलपाणी सेकंदाला ३० सेंटीमीटर वेगाने वर येते असे धरू. मग ९० मीटर खोलीवरचा चुरा वर यायला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतील. मऊ थरात तेवढ्या वेळात छिद्र आणखी मीटरभर खाली गेलेले असू शकते. वाटेत वरच्या थरांची मातीही त्यात मिसळते. त्यामुळे वाळूचा पातळ थर चुकीच्या खोलीवर नोंदला जातो किंवा निसटूनच जातो.

दुसरी मर्यादा चवीची. चिखलपाण्यात वरून आणलेले पाणी असते. आतला थर खारा आहे की गोडा, हे त्यातून समजत नाही. ते समजते केसिंग उतरवून पंप चालवल्यावर, म्हणजे निर्णयाची वेळ टळून गेल्यावर.

तिसरी मर्यादा 'इंचां'ची. 'दोन इंच पाणी लागले' असे आपण म्हणतो. हे दोन इंच कशाचे? काही जण पाइपाचा व्यास सांगतात. इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या खाचेतून पाणी सोडून मोजतात तेव्हा ते खाचेतील पाण्याची उंची सांगतात. काटकोनी खाचेतील प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातानुसार वाढतो. दोन इंचांना तासाला सुमारे २,९०० लिटर, तर चार इंचांना सुमारे १६,३०० लिटर पाणी मिळते. म्हणजे इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते! ज्याला हे ठाऊक नाही तो चार इंच म्हणजे दोन इंचांच्या दुप्पट असे समजून पंप घेतो आणि पिकाचा हिशेब मांडतो.

तेलविहिरींचे तंत्र आणि आपले कौतुक

तेलाच्या शोधात या अडचणींवर फार पूर्वी विचार झाला. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जे बंधूंच्या सहकाऱ्यांनी एका तेलविहिरीत विद्युत्-अग्रे सोडली आणि वेगवेगळ्या खोलीवरील थरांचा विशिष्ट रोध मोजून त्याचा आलेख हाताने काढला. तत्त्व साधे होते. खाऱ्या पाण्याने भरलेला थर वीज चांगली वाहून नेतो. तेलाचा किंवा गोड्या पाण्याचा थर तितकी नेत नाही. छिद्राच्या भिंती डोळ्यांना दिसत नसल्या तरी विजेला 'दिसतात'.

पुढची पायरी म्हणजे छिद्र पाडणे चालू असतानाच मोजणे. येथे अडचण मोजण्यापेक्षा निरोप वर पाठवण्याची होती. फिरणाऱ्या पाइपांच्या लांबलचक माळेतून तार नेणे जिकिरीचे आणि रेडिओलहरी खडकातून फार दूर जात नाहीत. तेव्हा चिखलपाण्यालाच निरोप्या करण्यात आले. तळाशी असलेली झडप प्रवाह क्षणभर अडवते, त्यामुळे दाबाचा धक्का निर्माण होतो आणि तो चिखलपाण्याच्या स्तंभातून वर येतो. वरचा दाबमापक हे धक्के मोजतो. धक्का आला तर एक, नाही तर शून्य, अशा द्विमान अंकांत खालची माहिती वर येते. तीन हजार मीटर खोलीवरून धक्का दोन-अडीच सेकंदांत पोहोचतो. पण सेकंदाला जेमतेम काही अंकच पाठवता येतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत व्यवहारात आली. नंतर तार बसवलेले पाइपही निघाले. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. तशा समुद्रातील विहिरींना वळण देत नेमक्या थरात न्यावे लागते, म्हणून तेथे असे तंत्र लागते.

विज्ञानविषयक लेखांत या तंत्राचे भरभरून कौतुक असते आणि शेवटी 'लवकरच हे तंत्र आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर येईल' असे वाक्य असते. हे वाक्य आम्हांला पटत नाही. शंभर मीटरच्या सरळ बोअरला वळण द्यायचे नसते, त्यामुळे चालू कामात तळाचा निरोप येण्याची गरजही नसते. गरज असते ती छिद्र पूर्ण झाल्यावर आणि केसिंग उतरवण्यापूर्वी मिळणाऱ्या काही तासांत मोजून घेण्याची. त्यासाठी १९२७ चे तंत्रच पुरेसे आहे. केबलला बांधलेली अग्रे खाली सोडून थरांचा आलेख काढला की गोड्या थरासमोर फटींचा पाइप, खाऱ्या थरासमोर कोरा पाइप आणि मधल्या जागेत चिकणमातीचे किंवा सिमेंटचे बूच, असे ठरवता येते. केंद्रीय भूमिजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांना ही पद्धत नवी नाही. प्रश्न आहे तो खासगी बोअरचा.

अर्थात हे उपकरण म्हणजे जादूची कांडी नव्हे. ओली चिकणमाती आणि खाऱ्या पाण्याची वाळू, दोन्हींचा विशिष्ट रोध कमी असतो. केवळ आलेखावरून त्यांत गल्लत होऊ शकते. नैसर्गिक गॅमा किरण मोजले तर फरक कळतो, कारण चिकणमातीतून ते सामान्यतः अधिक येतात. तेवढी सोय नसेल तर चुऱ्याचे नमुने आणि आलेख एकत्र वाचावे लागतात. गाडीवरच्या माणसाची नजर येथे पुन्हा उपयोगी पडते.

एकाचे छिद्र, सर्वांचे पाणी

मोजमाप न करण्याचा तोटा बोअरच्या मालकापुरता राहत नाही. बूच न लावलेले छिद्र म्हणजे दोन थरांना जोडणारी उभी नळी. खाऱ्या थरातील पाण्याचा दाब जास्त असेल तर ते पंप बंद असतानाही गोड्या थरात उतरत राहते. पाणी न लागल्याने सोडून दिलेले बोअरही हे काम करतच असते.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यात विहिरींच्या आणि विंधनयंत्रांच्या मालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधन आहे. कायद्याचा रोख योग्य आहे. तथापि येथेही जोर पुन्हा खोलीवरच दिसतो. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, आणि १९९५ ते २००३ या काळातील जलविज्ञान प्रकल्पापासून काही ठिकाणी स्वयंचलित नोंदयंत्रेही बसली. पण पातळी कळली म्हणून थर कळत नाही आणि थराची चवही कळत नाही. तीन हजार मीटर खालून निरोप आणण्याची विद्या माणसाने साधली. मात्र एका बोअरची माहिती शेजारच्या शेतापर्यंत जात नाही. तिथे अडसर उपकरणाचा नसून वहीचा आहे.

शाळेत काय करता येईल?

गावात बोअर होणार असेल तर मालकाच्या परवानगीने, सुरक्षित अंतरावर उभे राहून, दर दहा फुटांवरच्या चुऱ्याची मूठभर माती मागून घ्यावी. वाळवून, खोलीची चिठ्ठी लावून ती लहान बाटल्यांत भरावी आणि बाटल्या क्रमाने मांडाव्यात. एक रॉड जायला किती मिनिटे लागली तेही लिहावे. त्याचा आलेख थर कोठे बदलला ते दाखवतो. काम संपल्यावर छिद्राला झाकण बसले आहे ना, हे पाहण्याचा आग्रह धरावा.

वर्गात एका उंच काचेच्या भांड्यात तळाशी मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू, त्यावर चिकणमातीचा जाड थर आणि सर्वांत वर साध्या पाण्याने भिजवलेली वाळू भरावी. टोके उघडी ठेवलेल्या दोन तारा एका काडीला एकमेकींपासून दोन सेंटीमीटरवर बांधून, विद्युत्घट आणि मिलिअ‍ॅमीटर जोडून, काडी थोडी थोडी खाली न्यावी. तारांवर वायूचे बुडबुडे जमण्याआधी चटकन वाचन घ्यावे. आलेखात खोली खालच्या दिशेने मांडावी. मुलांच्या हाताने पेशेलब्रॉनचा प्रयोग होईल, आणि चिकणमाती व खारी वाळू यांतली गल्लतही त्यांना स्वतः अनुभवता येईल.

पाण्यातील एकूण विद्राव्य घटक दाखवणारे खिशातले मीटर आता स्वस्तात मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. मात्र फ्लोराइड किंवा नायट्रेट त्या मीटरला ओळखता येत नाही, हेही मुलांना सांगावे. गोड पाणी निर्धोक असतेच असे नाही.

आमची मागणी मोठी नाही. बोअरच्या पावतीवर आज फूट आणि रुपये असतात. त्याखाली आणखी पाच ओळी असाव्यात : कोणत्या खोलीवर कोणता थर लागला, पाणी कोठे लागले, तासाला किती लिटर मिळाले, त्यातील क्षार किती, आणि केसिंगला फटी व बूच कोठे आहेत. त्या पावतीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत राहावी. दहा वर्षांत अशा पन्नास पावत्या जमल्या तर त्या गावापाशी स्वतःच्या जमिनीचा असा नकाशा असेल जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.