व्याध तारा कुत्र्याच्या जन्माला येतो

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाने मुलांच्या हाती जादूची गोष्ट द्यावी की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. त्या गोष्टीत तारे बोलत असतील, चिडत असतील, न्यायनिवाडा करत असतील, तर शंका आणखी वाढते. शनीची साडेसाती आणि मंगळाची पत्रिका खरी मानणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. अशा घरातून शाळेत येणाऱ्या मुलाला आणखी एक रागीट तारा कशाला दाखवायचा? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. तो मनात ठेवूनच आम्ही येथे एका इंग्रजी कादंबरीचा विचार करणार आहोत.

कादंबरीचे नाव ‘डॉग्जबॉडी’. लेखिका डायना विन जोन्स (१९३४–२०११). पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. पाचवी ते आठवीच्या वयाचा वाचक समोर ठेवून ते लिहिलेले असले, तरी मोठ्यांनाही ते गुंतवून ठेवते.

या गोष्टीत प्रत्येक ताऱ्याला एक चेतन अधिपती आहे. व्याधाचा, म्हणजे सिरिअसचा, अधिपती अतिशय तापट. दुसऱ्या एका अधिपतीचा खून केल्याचा आणि ‘झोई’ नावाचे एक सामर्थ्यवान साधन हरवल्याचा आरोप त्याच्यावर येतो. शिक्षा अशी, की त्याने पृथ्वीवर कुत्रा होऊन जन्मावे आणि कुत्र्याच्या आयुष्यमर्यादेत ते साधन शोधून काढावे. जन्मताच नको असलेले पिल्लू म्हणून त्याला भावंडांसह नदीत फेकले जाते. कॅथलीन नावाची आयरिश मुलगी त्याला वाचवते. तिचे वडील तुरुंगात आहेत आणि ती इंग्लंडमध्ये नातेवाइकांच्या घरी राहते. कुत्रा पाळू द्यावा म्हणून घरातील सगळी कामे ती अंगावर घेते. इंग्रजीत ‘डॉग्जबॉडी’ म्हणजे हरकाम्या, सगळ्यांची वरकड कामे उपसणारा माणूस. शब्दशः अर्थ मात्र कुत्र्याचे शरीर. एका शब्दात लेखिकेने कुत्रा आणि मुलगी दोघांनाही बसवले आहे.

आता यातले खगोलशास्त्र पाहू. सिरिअसविरुद्ध कट करणारी त्याची सहचरी एक लहानशी, शुभ्र अधिपती आहे. ही कल्पना हवेतली नाही. व्याध हा खरोखरच जोडतारा आहे. त्याची आकाशातील वाटचाल सरळ नसून किंचित नागमोडी आहे, यावरून बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ साली न दिसणाऱ्या सोबत्याचे अनुमान केले. १८६२ साली अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क एका नव्या दुर्बिणीचे भिंग तपासत असताना तो सोबती प्रत्यक्ष दिसला. पुढे १९१५ मध्ये वॉल्टर ॲडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला आणि हा मंद तारा चांगलाच तप्त असल्याचे कळले. तप्त असूनही मंद, याचा अर्थ तो आकाराने फारच लहान असला पाहिजे. वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके आणि आकार पृथ्वीएवढा, असा हा श्वेतबटू. त्यातले चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. अशा ताऱ्याच्या वस्तुमानाला सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा असते, हे गणित चंद्रशेखर यांनी १९३० साली भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर मांडायला घेतले, हे शिक्षकांना ठाऊक असेलच.

गोष्ट इथे विज्ञानापेक्षा थोडी मागे पडते. आज लहान दिसणारा हा सोबती एके काळी त्या जोडीतला मोठा आणि अधिक तेजस्वी तारा होता. इंधन लवकर संपल्यामुळे तो आधी म्हातारा झाला आणि त्याचा गाभा तेवढा उरला. कादंबरीतल्या मत्सरापेक्षा हा खरा इतिहास कमी नाट्यमय नाही. वर्गात पुस्तक वाचून झाल्यावर तो जरूर सांगावा.

खगोलशास्त्राहूनही आम्हाला अधिक आवडला तो यातला कुत्रा. मुलांच्या पुष्कळ गोष्टींत प्राणी म्हणजे कातडे पांघरलेली माणसेच असतात. या कथेत तसे होत नाही. सुरुवातीची पाने अंधार, ऊब, भूक आणि वास यांनी भरलेली आहेत. ज्याचे डोळे अजून उघडायचे आहेत अशा पिलाचे जग असेच असणार. पुढे तो गाव ओळखतो तोही नाकाने. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०–६० लाखांच्या घरात, तर कुत्र्यात त्या जातीनुसार १० ते ३० कोटी मानल्या जातात. ही आकडेवारी पुस्तकात नाही, पण तिचा अर्थ पानोपानी जाणवतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्मृतीची. एवढा मोठा तारा, पण पिलाच्या मेंदूत शिरल्यावर आपण कोण हे तो विसरतो. मेंदू वाढेल तसतसे त्याला थोडेथोडे आठवत जाते. कित्येकदा ऐन मोक्याच्या वेळी कुत्र्याचा स्वभाव वरचढ होतो. अन्नाचा वास आला की कामगिरी बाजूला राहते. तो बोलू शकत नाही, दाराची कडी काढणे त्याला जड जाते. विचार करायला शरीर लागते आणि शरीराच्या मर्यादा विचारालाही पडतात, हे एवढ्या सोप्या रीतीने सांगणारे बालसाहित्य आमच्या वाचनात फारसे आलेले नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. फलज्योतिषाचा दावा काय असतो? माणसाच्या दुःखाचे कारण आकाशात आहे. या कादंबरीत नेमके उलटे आहे. कॅथलीनला शाळेत आणि घरात बोलणी खावी लागतात ती कोणत्या ग्रहामुळे नव्हे, तर ती आयरिश आहे म्हणून. काळ १९७० च्या दशकातला, उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराचा. वडिलांच्या राजकारणाचा राग लोक मुलीवर काढतात. घरात राबवून घेणारी बाईही हाडामांसाची आहे. सूर्य या गोष्टीत बोलतो, सिरिअसला मदतही करतो. पण कॅथलीनच्या वडिलांचा मृत्यू त्याला टाळता येत नाही. तिला खरा आधार मिळतो तो शेवटी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी, म्हणजे माणसाकडूनच. तारे माणसाचे भाग्य लिहीत नाहीत. उलट एका ताऱ्यालाच दुबळ्या जिवाचे आयुष्य जगून शहाणपण शिकावे लागते. साडेसातीची भीती घालणारी गोष्ट आणि ही गोष्ट यांत हा फरक आहे, आणि तो सातवीतल्या मुलालाही कळू शकतो.

दोष नाहीत असे नाही. शेवटच्या भागात ब्रिटनच्या लोककथांतील पाताळाचा स्वामी आणि त्याची शिकारी कुत्र्यांची टोळी एकाएकी पुढे येते. त्या कथा ठाऊक नसलेला वाचक गोंधळतो. ‘झोई’ नक्की काय करू शकते याचे नियम सैल आहेत, त्यामुळे शेवटची सोडवणूक घाईची वाटते. जादूच्या गोष्टीतही नियम पाळावे लागतात; बाकी सर्वत्र ते पाळणारी लेखिका इथे थोडी सूट घेते. घरातली बाईही फार एकरंगी रेखाटली आहे. शेवट मात्र खोटा गोड नाही. सिरिअसला आपले तेज परत मिळते, पण कुत्रा मरतो आणि मुलगी रडते. मिळवण्यासाठी गमवावे लागते, हा हिशोब लेखिकेने चुकवलेला नाही.

आपल्या वाचकांसाठी एक गंमत. ग्रीकांनी या ताऱ्याला मृगाच्या, म्हणजे ओरायन या शिकाऱ्याच्या, पाठोपाठ धावणारा कुत्रा मानले. आपण त्यालाच शिकारी मानले आणि ओरायनला हरीण केले. तारे तेच, गोष्टी दोन. याच कारणाने नक्षत्रांची चित्रे आकाशात नसून पाहणाऱ्याच्या मनात असतात, हे वर्गात पटवून देणे सोपे जाते. आणि कुत्र्याच्या रूपातील देव आपल्याला नवा थोडाच आहे? महाभारतात युधिष्ठिराच्या सोबत शेवटपर्यंत चालणारा कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता.

तेव्हा शिक्षकांनी हे पुस्तक मिळाल्यास आधी स्वतः वाचावे आणि मग इंग्रजी चांगले असलेल्या मुलांना द्यावे. इतरांना गोष्ट सांगावी. डिसेंबर ते मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी मृगाच्या पोटातील तीन तारे दाखवून त्या रेषेने व्याधापर्यंत न्यावे. सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या ताऱ्याला राग येत नाही, हे मुले जाणतातच. यातले काय खरे आणि काय रचलेले, हे त्यांनाच वहीत दोन रकान्यांत लिहायला सांगावे. गोष्टीचा आनंद घेऊनही ज्याला ते दोन रकाने नीट भरता आले, त्याच्याबद्दल विज्ञान शिक्षकाने निर्धास्त राहावे.