दुहेरी वंचितता : टॅव्हिस्टॉक आणि वझ्झर

वंचित मुलांवरचे मराठी लेखन बहुधा संस्थाचालकांच्या गौरवात अडकते. अन्न, वस्त्र, शाळा मिळाली की मूल सावरले, असा त्यात हिशेब असतो. मेरी बोस्टन आणि रोलीन झुर यांनी संपादित केलेला 1983 चा इंग्रजी ग्रंथ हा हिशेब अपुरा ठरवतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील बालमानसोपचारकांनी अतिवंचित मुलांवर केलेले मनोविश्लेषणात्मक उपचार हा त्याचा विषय.

या विचारधारेतील कळीची कल्पना जियाना हेन्री यांनी 1974 मध्ये मांडली : ‘दुहेरी वंचितता’. पहिली परिस्थितीने लादलेली. दुसरी मुलाच्या स्वसंरक्षणातून येते. पुन्हा टाकले जाण्याच्या धास्तीने मूल मन टणक करते आणि पुढे आलेला मायेचा हातही झिडकारते. शिवीगाळ, मोडतोड, तुच्छता यांना हे उपचारक कृतघ्नपणा म्हणत नाहीत. नकोसे होणे काय असते, ते मूल समोरच्याला भोगायला लावते. उपचारकाने ते सोसून, समजून, पेलेल अशा शब्दांत मुलापुढे ठेवायचे. त्यासाठी तीच खोली, तीच वेळ, तीच व्यक्ती. ग्रंथाचे मोठेपण मी या चिकाटीत पाहतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. ग्रंथाचा भर खोलीतल्या तासावर आहे. मूल मात्र उरलेला आठवडा बदलत्या कर्मचाऱ्यांच्या हाती असते.

इथे मला आमच्याच जिल्ह्यातले, अचलपूर तालुक्यातले वझ्झर महत्त्वाचे वाटते. शंकरबाबा पापळकरांनी तिथे बेवारस दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची जुनी मागणी अधिक मोलाची : अशा मुलांना 18 वर्षांनंतर बालगृहातून हलवू नये. बाल न्याय कायद्यात बालगृहाचा आसरा 18 पर्यंतच. नंतरची मदत साधारणपणे 21 पर्यंत. या मागणीकडे प्रशासकीय सवलत म्हणून पाहिले जाते. हेन्रींच्या मांडणीतून पाहिले, तर ती मानसोपचाराचीच पूर्वअट ठरते. प्रत्येक स्थलांतर मुलाची धास्ती खरी ठरवते.

तरीही नुसता कायमचा आसरा दुसरी वंचितता मिटवत नाही, आणि एका माणसाच्या हयातीवर टेकलेला आसरा कायमचा नसतो. कायद्याने मुक्काम टिकवावा, बालगृहातल्या काळजीवाहकांच्या वारंवार बदल्या थांबवाव्यात आणि मुलाचा राग ऐकण्याचे प्रशिक्षण त्यांना द्यावे. त्याशिवाय या ग्रंथातला विचार आपल्या बालगृहांच्या कामी येणार नाही.