वाड्याला गिऱ्हाईक, पेढीला नाही

टोमास मान यांची ‘बुडेनब्रोक्स’ ही जर्मन कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली. एका धान्यव्यापारी घराण्याच्या ऱ्हासाची कथा म्हणून ती सर्वत्र वाखाणली जाते. परंतु घरचा धंदा दुसऱ्याच्या हाती सोपवावा केव्हा व कोणाच्या, हा प्रश्न मनात धरून ती वाचली म्हणजे तिचे एक निराळेच मर्म ध्यानी येते.

मातेच्या निधनानंतर वाडा विक्रीस निघतो आणि तो घेतो हागेनश्ट्रोम, घराण्याचा जुना प्रतिस्पर्धी. टोनीला हा अपमान असह्य होतो. पण गिऱ्हाईक म्हणून या माणसात उणे काय आहे? त्याला ऐपत आहे, जागेची पारख आहे, वास्तूच्या लौकिकाची हावही आहे. ज्याच्या हाती वस्तू देववत नाही, तोच कधीकधी तिची खरी कदर करणारा असतो, हे मान यांनी फार मार्मिकपणे दाखविले आहे.

पेढीचे भाग्य मात्र निराळे. ती १७६८ सालची. तिची शताब्दी साजरी होत असतानाच, सिनेटर टोमासने आगाऊ विकत घेतलेले उभे पीक गारपिटीने नष्ट झाल्याची वार्ता येते. पुढेही टोमास गिऱ्हाईक शोधीत नाही; वारसाचीच वाट पाहतो. संगीतात रमणाऱ्या कोवळ्या हान्नोच्या ठायी तो दिसेना, तेव्हा वर्षाच्या आत पेढी मोडावी असे तो मृत्युपत्रात लिहून ठेवतो. मग घाई आणि घाईबरोबर तोटा! कोठारातील धान्य केव्हाही विकता येते. बाजारातील पत मात्र धनी हयात आहे तोवरच दुसऱ्याच्या हवाली करता येते.

ही केवळ कल्पना नव्हे. लेखकाच्या पित्याच्या पेढीने १८९० साली शंभरी गाठली. पुढल्याच वर्षी तो निवर्तला आणि त्याच्याच इच्छेनुसार तीही मोडण्यात आली.

दोष दाखवावयाचा तर एवढाच, की हे विसर्जन लेखकाने फार थोडक्यात आटोपले आहे. पेढीवर पोट असलेल्या कारकुनांचे पुढे काय झाले, हे जाणण्याची वाचकाची उत्सुकता अतृप्तच राहते. तरीही पिढी आणि पेढी यांची गाठ तोडण्यास कचरणाऱ्या प्रत्येक घराने हे पुस्तक अवश्य वाचावे.