‘प्रकट करणे’ की ‘खुलासा करणे’?

इंग्रजीतील ‘रिव्हील’ हे क्रियापद लॅटिनमधून आले असून ‘पडदा दूर सारणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. नव्या करारातील ग्रीक ‘आपोकालुप्टो’ याचाही अर्थ ‘आवरण काढणे’ असाच आहे. मराठीत मात्र त्यास एकच प्रतिशब्द पुरत नाही. आणि धार व देवास येथे धर्मशिक्षण देणाऱ्याची अडचण तर दुहेरी आहे.

पवारांचे धार संस्थान आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पाती यांमुळे माळव्यात मराठी रुजली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. आज तेथील मराठी कुटुंबांच्या घरात मराठी, तर शाळेत व बाजारात हिंदी असते. दोन्ही भाषांत शब्द तेच, पण अर्थ निराळे. मराठीत ‘साक्षात्कार’ ईश्वराचा होतो. हिंदीत नोकरीसाठी मुलाखत घेतात, तिलाही ‘साक्षात्कार’च म्हणतात. हिंदी वर्तमानपत्रातील ‘खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट. मराठी कचेरीत ‘खुलासा’ मागवितात तो कसूर करणाऱ्याकडून. तेव्हा ‘देवाने आपला खुलासा केला’ असे म्हटल्यास एका श्रोत्याला त्यात लफडे ऐकू येईल, तर दुसऱ्याला देव आरोपीच्या पिंजऱ्यात उभा दिसेल. दोन्ही अर्थ सुवार्तेला मारक आहेत.

शास्त्रवचनांकडे वळू. मत्तय ११:२५ मध्ये पिता बालकांना जे दाखवितो आणि लूक २:३५ मध्ये अंतःकरणांतील विचारांचे जे होते, त्या दोहोंसाठी ग्रीक क्रियापद एकच आहे. मराठीत मात्र पिता ‘प्रकट करतो’ आणि विचार ‘उघड होतात’. देणारा स्वेच्छेने देतो तेथे पहिला शब्द शोभतो. लपविलेले बाहेर पडते तेथे दुसरा.

‘प्रकट’ हा शब्दही सर्वस्वी निर्धोक नाही. कथाकीर्तनातील देव क्षणभर प्रकट होऊन अंतर्धान पावतो. परंतु १९६५ च्या ‘देई व्हेर्बुम’ या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजानुसार देवाचे प्रकटीकरण परस्परांशी निगडित अशा कृतींनी व शब्दांनी घडत जाते आणि ख्रिस्ताठायी पूर्णत्वास पोचते.

म्हणून धर्मशिक्षकांना आमचे सुचविणे एवढेच: शब्द निवडण्यापूर्वी प्रकट करणारा कोण, काय प्रकट होते आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारावेत. देव केवळ माहिती देत नाही, तो स्वतःला देतो; हे ज्या शब्दाने श्रोत्याच्या कानी पडेल, तोच शब्द योग्य.